करडी दाढी, काळी गादी

मी दाढी बोलतेय. आधी हसून घ्या. कोणाच्या हनुवटीवरची नव्हे, झाडावरची. दलदलीतल्या सायप्रसच्या फांद्यांवरून करड्या झिपऱ्या लोंबताना दिसतात ना, त्यातली एक मी. बायूच्या, म्हणजे दलदलीतल्या संथ ओढ्याच्या, काठचे लोक मला ‘स्पॅनिश दाढी’ म्हणतात. मी स्पेन पाहिलेला नाही आणि कोणाच्या गालावर उगवलेली नाही. बाकीचे मला ‘मॉस’ म्हणतात, म्हणजे शेवाळ. तेही मी नाही. एखादी गोष्ट कळली नाही की माणूस आधी तिचं बारसं करून मोकळा होतो.

पण खरा संताप येतो तो ‘बांडगूळ’ म्हटल्यावर. अहो, मला मुळंच नाहीत, तर झाडाचं पिणार कशाने? अंगभर बारीक खवले आहेत. त्यांनी दव टिपायचं, पाऊस टिपायचा, वाऱ्यावर येईल ती धूळ खायची आणि झाडाला नुसतं धरून राहायचं. कोरडी असले की करडी, भिजले की हिरवी. एवढाच माझा संसार. ज्यांना सकाळची कॉफीसुद्धा दुसऱ्याने हातात आणून द्यावी लागते, त्यांनी मला बांडगूळ म्हणावं, म्हणजे कमाल झाली.

माझा जन्म वादळात झाला. माझ्या आईचा वीतभर तुकडा तुटला आणि दोन झाडं पलीकडे जाऊन अडकला. तो तुकडा म्हणजे मी. आमच्यात बाळंतपणाचे सोहळे नसतात. तुटायचं, आणि जिथे अडकू तिथे वाढायचं. आईने मागे हाका मारल्या नाहीत, मीही रडले नाही. माणसांमध्ये हे प्रकरण किती लांबतं ते मला पुढे कळायचं होतं.

ते झाड जुनं होतं. खाली काळं पाणी, पाण्यातून वर आलेले मुळांचे गुडघे, आणि त्या गुडघ्यांवर ऊन खात पडलेलं एखादं कासव. दरवर्षी वसंतात पिवळ्या गळ्याची इवलीशी चिमणी येई आणि माझ्याच झिपऱ्यांत घरटं विणी. भाडं कधी दिलं नाही तिने. मीही मागितलं नाही.

एकदा चष्मा लावलेले एक शहाणे गृहस्थ होडीतून आले. होडी वल्हवत होता ओनेझीम. पन्नाशीचा, ताडमाड उंच, आणि बायूवर त्याच्यासारखा दाढी पिकवणारा दुसरा नाही असं स्वतःच सांगणारा. गृहस्थांनी भिंगातून माझ्याकडे पाहिलं आणि सांगितलं की ही वनस्पती नात्याने अननसाची चुलत बहीण, आणि ती झाडाचं काहीही घेत नाही.

“मग लोंबकळते कशाला?” ओनेझीमने विचारलं.

“धरायला काहीतरी लागतंच ना, बाबा,” ते म्हणाले.

 ओनेझीम वल्हं थांबवून बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला. मला वाटलं, विद्या डोक्यात शिरते आहे. छे. पुढच्या नोव्हेंबरात तो एकटाच परत आला, लांब बांबूच्या टोकाला लोखंडी आकडा लावून. आकडा माझ्यात अडकवला, चातीवर सूत गुंडाळावं तसं मला गरगर फिरवलं आणि एका हिसक्यात खाली ओढलं. कशाला आपली ओळख करून द्यायची माणसाला, सांगा.

आता आमचं पुढे काय होतं ते ऐका. आम्हाला ढिगात घालतात, रोज पाणी मारतात, वरचे खाली नि खालचे वर करतात. दोनतीन महिन्यांत आमचं करडं अंग कुजून गळतं आणि आत राहतो काळा, चिवट, घोड्याच्या केसासारखा धागा. तो तारेवर वाळवायचा, हाताने पिंजायचा आणि गादीत भरायचा. ही गादी उन्हाळ्यात गार राहते, दरवर्षी उसवून धुवून पुन्हा भरली तर जन्मभर टिकते. उरलेलं गावातल्या पिंजणगिरणीला जातं आणि तिथून उत्तरेकडे, मोटारींच्या बैठकांत. म्हणजे आम्ही मेल्यावर लोक आमच्यावर बसतात आणि त्याला आमचा उपयोग म्हणतात.

ओनेझीमची दाढी बायूवर प्रसिद्ध होती. लोक ‘ओनेझीमची काळी’ असंच म्हणत. तो ढिगाचा नुसता वास घेऊन किती दिवस राहिले ते सांगे. दुसऱ्याच्या कामाला नावं ठेवण्यात तर त्याचा हात कोणी धरत नसे. आठ वर्षांपूर्वी मादाम आर्सेनच्या थोरल्या मुलीचं लग्न झालं, तेव्हा या पठ्ठ्याने पाहुण्यांसमोर तिच्या नव्या गादीचा कोपरा उसवला, आतून एक कच्ची करडी काडी काढली आणि मिशी म्हणून ओठावर लावून अंगणभर मिरवला. लोक पोट धरधरून हसले. मादाम आर्सेन हसली नाही. तिने ते लक्षात ठेवलं, आणि तसं करण्याचा तिला पूर्ण हक्क होता.

आणि दैव पाहा. ओनेझीमच्या एकुलत्या एका मुलीचं, एल्मीरचं, जमलं ते याच मादाम आर्सेनच्या मुलाशी. वाल्सें त्याचं नाव. होड्या बांधायचा, बोलायचा कमी. दर रविवारी इस्त्रीचा सदरा घालून यायचा, ओसरीवर तासभर बसायचा, कॉफी प्यायचा आणि जायचा. असं तीन वर्षं चाललं होतं.

तीन वर्षं का, तर गादी. नवरीने माहेरची गादी न्यायची ही तिकडची रीत, आणि गादी भरल्याशिवाय तारीख धरत नाहीत. एल्मीरची आई सेलिमा सहा वर्षांपूर्वी तापाने गेली होती, तेव्हा सगळं ओनेझीमच्याच हातात. पहिल्या वर्षी तो म्हणाला, यंदाचा काळा रंग खोल नाही, माझ्या पोरीला असली गादी देणार नाही. आणि तो सगळा माल गिरणीला घातला. दुसऱ्या वर्षी त्याने ढीग नेमका सखल जागी रचला आणि पुराचं पाणी तो घेऊन गेलं. वीस वर्षांत त्याचा ढीग वाहून गेला नव्हता. लोक हळहळले. तिसऱ्या वर्षीच्या ढिगात आम्ही.

ढीग परसात होता, स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर. ओनेझीमने त्यावर जुनं शीड टाकलं. ऊब राहावी म्हणून, असं त्याने एल्मीरला सांगितलं. मी होते अगदी वरच्या थरात, शिडाला पडलेल्या एका भोकाखाली. त्यामुळे मला सगळं दिसायचं, आणि म्हणून ही गोष्ट तुम्हाला ऐकायला मिळते आहे.

रोज सूर्य कलला की ओनेझीम दोन बादल्या घेऊन यायचा. येताना मोठ्याने गाणं म्हणायचा, म्हणजे आत कांदा चिरणाऱ्या एल्मीरला ऐकू जावं. ढिगाच्या मागच्या बाजूला जायचा, जिथे खिडकीतून दिसत नाही. आणि दोन्ही बादल्या चरात ओतायचा. धबाधब. मग कमरेवर हात ठेवून, जणू पर्वत उचलला अशा थाटात, परत जायचा.

पहिल्या आठवड्यात मला वाटलं, म्हाताऱ्याला दिसत नाही. दुसऱ्या आठवड्यात कळलं की फार चांगलं दिसतं. वरून शीड, म्हणजे पाऊस नाही. बादली चरात, म्हणजे पाणी नाही. कुजायचं कसं? ढीग कुजला नाही तर गादी नाही, गादी नाही तर तारीख नाही, आणि तारीख नाही तर एल्मीर घरात. बायूवरचा सगळ्यात नामी दाढीवाला स्वतःच्याच ढिगाला उपाशी मारत होता. चरातले झिंगे मात्र त्या हिवाळ्यात चांगले पोसले.

खरं सांगू? मी खूश होते. त्याने पाणी घातलं असतं तर मी मेले असते. आम्हा दोघांचा स्वार्थ एका ताटात जेवत होता. तो मला मारत नव्हता आणि मी कुजत नव्हते. मी त्याला मनातून दुवा देत होते आणि तिकडे एका पोरीचं आयुष्य टांगणीला लागलं आहे याच्याशी मला काही देणंघेणं नव्हतं. तेव्हा फार फुशारू नका, मीही काही संत नाही.

जानेवारीत घोटाळा झाला. एल्मीरची नॅनेन, म्हणजे बाप्तिस्म्याला तिला हातात धरणारी धर्ममाता, युलाली तिचं नाव, चर्चमधून परस्पर इकडेच आली. फादरने सांगितलं होतं की यंदा उपासाचे चाळीस दिवस लवकर बसतात. गेल्या साली राखेचा बुधवार, म्हणजे उपासाचा पहिला दिवस, मार्चात आला होता, यंदा फेब्रुवारीच्या मध्यावर. आणि उपासाच्या दिवसांत लग्नं लागत नाहीत हे तिकडच्या कुत्र्यालाही माहीत असतं. ओनेझीमचा चेहरा एकदम उजळला. मग त्याला आठवलं की आपण दुःखी दिसायला हवं.

“अरेरे,” तो म्हणाला. “मग आता ईस्टरनंतरच.”

“ईस्टरनंतर नाही,” युलाली म्हणाली. ती त्याला तरुणपणापासून ओळखत होती. “मादाम आर्सेनने निरोप दिलाय. राखेच्या बुधवारआधी झालं तर झालं. नाहीतर वाल्सें टेक्ससला तेलाच्या विहिरींवर निघाला. तीन वर्षं कॉफी पिऊन पोराचं पोट बिघडलं म्हणते ती.”

आत खिडकीत एल्मीरच्या हातातली सुरी थांबली. तिने बाहेर येऊन कोणाला काही विचारलं नाही. फक्त म्हणाली की फादर फेब्रुवारीच्या सात तारखेला होडीने येणार आहेत, तर लग्न सात तारखेला. ओनेझीमने ढिगाकडे बोट दाखवून तोंड उघडलं, तर ती म्हणाली, “होईल, पापा. तुमचा ढीग आहे.”

त्यानंतर तो ढिगाजवळ येऊन नुसता उभा राहायचा. एक दिवस बादली ढिगावर उचललीही. माझ्या अंगावर काटा आला. हात तसाच हवेत राहिला आणि पाणी पुन्हा चरात गेलं. मी सुटकेचा श्वास टाकला. आता आठवलं की त्याची लाज वाटते.

लग्नाला नऊ दिवस राहिले तेव्हा, ओनेझीम मासे धरायला गेलेला असताना, एल्मीर परसात आली. शीड बाजूला केलं, बाही वर केली आणि खांद्यापर्यंत हात आत घातला. आत सगळं कोरडं. जमिनीलगतचा चार बोटं थर काळसर झाला होता, बाकी आम्ही जशा आलो तशा. तिने मला मुठीत धरून उजेडात पाहिलं. मग ती ढिगामागे गेली, चराच्या काठावर तिथलाच चिखल तेवढा कसा रोज ओला राहतो ते पाहिलं, आणि तिथेच बसून राहिली. रडेल असं मला वाटलं. पण ती आईवर गेली होती म्हणे, आणि सेलिमा रडत नसे.

ओनेझीम आला तो हातात माशांची दोरी घेऊन. तिला पाहून थबकला.

“पापा, रोज पाणी कुठे घालत होता?”

त्याने चराकडे पाहिलं. मग आभाळाकडे. “यंदा थंडी फार आहे,” तो म्हणाला. “थंडीत कुजत नाही.”

मला हसू आलं. वीस वर्षं दुसऱ्यांच्या ढिगांना नावं ठेवलेला माणूस शेवटी थंडीमागे लपला. पण एल्मीर हसली नाही आणि भांडलीही नाही. तिने हात धुतले, त्याच्याकडून मासे घेतले आणि म्हणाली की शुक्रवारी बायका गादी भरायला येणार आहेत. जे आहे तेच भरायचं. तो तिच्यामागे दोन पावलं गेला, काहीतरी बोलणार होता, पण ती आत गेली होती.

शुक्रवारी ओसरीवर सहा बायका जमल्या. गादी भरताना दोन्ही घरच्या बायका मिळून पिंजतात, ही तिथली चाल. मध्ये निळ्या पट्ट्यांची नवी खोळ अंथरलेली, शेजारी आमचा ढीग, चुलीवर गम्बो, म्हणजे झिंग्यांचं दाट कालवण. मादाम आर्सेन आली ती काळा पोशाख घालून, हातात स्वतःची खुर्ची घेऊन. इतरांच्या खुर्च्या तिला पुरत नसत. ओनेझीम ओसरीच्या टोकाला जाळं दुरुस्त करत बसला होता. तीनदा त्याने सुई एकाच भोकातून घातली.

मादाम आर्सेनने पहिलीच मूठ उचलली ती नेमकी माझी. मला बोटांनी चोळलं. नाकाशी धरलं. उजेडात नेलं. चुलीवरच्या गम्बोचा तेवढा आवाज. मला वाटतं, आठ वर्षं ती या क्षणाची वाट पाहत जगली होती आणि आता तो हातात आल्यावर तिला काय करावं सुचत नव्हतं. मग सुचलं. तिने माझी एक काडी तोडली आणि सावकाश, नीट, आपल्या ओठावर मिशीसारखी लावली.

“ओनेझीम,” ती म्हणाली, “हीच का तुझी ती काळी?”

कोणी हसलं नाही. मिशी लावलेली ती पोक्त बाई आणि मान खाली घातलेला तो उंच माणूस. मला स्वतःला फार हसायचं होतं, पण तिच्या नाकाच्या श्वासाने मी हलत होते आणि काही केल्या हसू फुटत नव्हतं.

“ढीग माझ्याकडे होता, मादाम,” एल्मीर म्हणाली. “पाणी घालायचं मी विसरले.”

ती हे वर न बघता म्हणाली, हाताने पिंजत. सासरच्या बाईसमोर, नवीन संसाराच्या सहा दिवस आधी, आळशी म्हणवून घ्यायला ती तयार झाली होती. आणि ते अशा बापासाठी, ज्याने तिची तीन वर्षं खाल्ली होती.  मादाम आर्सेन एल्मीरकडे पाहू लागली. तिच्या डोक्यात हिशेब चालला होता हे स्पष्ट दिसत होतं: विसरभोळी सून, करडी गादी, टेक्सस.

ओनेझीमने सुई खाली ठेवली.

“ती खोटं बोलते,” तो म्हणाला. “पाणी मी घालत होतो. रोज दोन बादल्या. चरात.”

“चरात?” युलाली म्हणाली.

“ऐंशी दिवस. गेल्या साली ढीगही मीच सखलात रचला. त्याच्या आधीचा गिरणीला घातला, तो चांगला काळा होता.” तो उठून उभा राहिला होता, आणि एवढ्या उंच माणसाला हात कुठे ठेवावेत ते कळत नव्हतं. “या घरात दोन माणसं आहेत. त्यातलं एक गेलं तर किती उरतात, तुम्हीच मोजा.”

कोणी मोजलं नाही. एल्मीरचे हात थांबले. त्याने तिच्याकडे बघायचं टाळलं आणि आत गेला. आत काहीतरी जड ओढल्याचा आवाज आला. बाहेर आला तो स्वतःच्या पलंगावरची गादी ओढत. सेलिमाच्या लग्नातली ती गादी. तिने स्वतः पिंजलेली, दर जूनमध्ये उसवून, उकळून, कुंपणावर वाळवून पुन्हा भरलेली. ती गेल्यावर हे काम तो एकटा करत असे, आणि त्यात एकही वर्ष चुकलं नव्हतं. तिच्या ढिगाला पाणी कमी पडलं नव्हतं कधी.

त्याने खिशातला चाकू काढला आणि शिवण उसवली.

“पापा, ही आईची आहे,” एल्मीर म्हणाली.

“म्हणूनच.”

आतून निघाली ती काळी. आता मी काय सांगू? तीही एकेकाळी माझ्यासारखीच करडी, फांदीवर झुलणारी. चोवीस वर्षं दोन माणसांचं वजन पेललं तिने, नंतर एकाचं, आणि तरी हात लावला की उसळून वर येत होती. मी मरण चुकवलं म्हणून इतके दिवस स्वतःवर खूश होते. ती समोर आल्यावर मला पहिल्यांदा आपण कच्चे आहोत असं वाटलं.

मादाम आर्सेनने त्या काळीत मनगटापर्यंत हात घातला आणि बराच वेळ बाहेर काढला नाही. मग ओठावरची मिशी काढली, पदराला हात पुसावा तसा पोशाखाला पुसला, आणि खुर्ची पुढे ओढून पिंजायला बसली. एवढंच म्हणाली की सेलिमाचा हात हलका होता. नंतर गम्बोच्या वेळी ती ओनेझीमला म्हणाली की झिंग्यांत मीठ कमी आहे, तेव्हा सगळ्यांना हायसं वाटलं. बाई नावं ठेवायला लागली म्हणजे नातं ठरलं.

काळी गेली निळ्या पट्ट्यांच्या नव्या खोळीत. आणि आम्ही, ढिगातल्या करड्या? आम्हाला ओनेझीमच्या जुन्या खोळीत कोंबलं. मीही त्यात.

सात तारखेला लग्न झालं. ते मी पाहिलं नाही, मी गादीत होते. फक्त फिडल ऐकलं, पायांचे आवाज ऐकले, आणि मग धक्क्यावरून होडी सुटल्याचा आवाज. घर एकदम शांत झालं. ओनेझीम आला आणि बूट न काढता आमच्यावर आडवा पडला.

कच्च्या दाढीच्या गादीवर तुम्ही कधी झोपलात का? झोपू नका. आम्ही टोचतो, गोळे होतो, कूस बदलली की कुजबुजतो आणि अंगाला दलदलीचा वास येतो. तो रात्रंदिवस तळमळला. मला म्हणायचं होतं, भोगा आता, आपल्याच हाताने वाढून घेतलंय. पहिले काही दिवस मी ते मनापासून म्हटलंही. मग एकदा दुपारी तो उशीत तोंड घालून सेलिमाला सांगत होता की पोरगी गेली, तीन वळणं पलीकडेच आहे, पण गेली. त्यानंतर मी टोचायचं शक्य तितकं कमी केलं. एका गादीतली एक काडी किती कमी करणार, पण केलं.

ईस्टरला एल्मीर आणि वाल्सें आले. तिने बापाची पाठ पाहिली, लाल पुरळ उठलेली, आणि गादीची शिवण एका झटक्यात उसवली. आमचा ढीग पुन्हा परसात आला. या वेळी शीड नाही. या वेळी बादल्या ढिगावरच, आणि खिडकीत कोणी नसताना. माझ्या जातबहिणी जूनपर्यंत काळ्या झाल्या. आता तो त्यांच्यावर झोपतो आणि घोरतो असं ऐकते.

मी मात्र त्यांच्यात नव्हते. ढीग रचताना ओनेझीमने मला वेगळं काढलं होतं. पाच महिने झाले तरी माझ्या एका टोकाला जीव होता. त्याने मला बोटांत धरून एल्मीरला दाखवलं.

“हिला बघ,” तो म्हणाला. “कुठूनही तोडा, कुठेही टाका, जगतेच.”

“तिला झाडाचं काही लागत नाही ना, पापा,” एल्मीर म्हणाली. “नुसतं धरायला लागतं.”

त्याने तिच्याकडे पाहिलं. त्या चष्मेवाल्या गृहस्थांचं बोलणं त्याने तिला सांगितलं असणार, नाहीतर तिला कुठून कळायचं? मग तो धक्क्याजवळच्या सायप्रसकडे गेला आणि मला खालच्या फांदीवर अडकवलं, जिथून तिसऱ्या वळणावरचा धूर दिसतो.

तर सध्या माझा मुक्काम इथे. हाताएवढी वाढले आहे. या वसंतात पिवळ्या गळ्याची चिमणी येऊन पाहणी करून गेली, भाडं देण्याचा तिचा यंदाही विचार दिसत नाही. दर रविवारी ओनेझीम धक्क्यावर बसतो. एल्मीरची होडी कधी येते, कधी येत नाही. न आली तर तो आपली होडी काढून तिच्याकडे जात नाही; तिच्या कामाचा दिवस असेल, म्हणतो, आणि वल्हं बाजूला ठेवतो. एवढं शिकला. माणसांच्या मानाने फार शिकला.

तुमच्याकडे माझं एकच मागणं आहे. बांडगूळ हा शब्द जपून वापरत जा, वापरण्याआधी घरात एकदा बघून या. बाकी माझी काही तक्रार नाही.

एक गंमत राहिलीच. रोज सूर्य कलला की ओनेझीम बादली घेऊन येतो. गाणं म्हणत नाही आता. फांदीखाली उभा राहतो आणि ओंजळीओंजळीने माझ्यावर पाणी शिंपडतो. मला, हवेतून पिणारीला, पाणी. ज्यांना हवं होतं त्यांना ऐंशी दिवस दिलं नाही, आणि जिला नको तिला रोज. पण अंग भिजलं की मी हिरवी होते, तो माझा स्वभावच आहे. ते हिरवं पाहून तो मान हलवतो आणि हळूच म्हणतो, जगली बाई माझ्या पाण्यावर. मी त्याला खरं सांगत नाही.